घरच्या कॉफीला फेस हवाय: तुमचा फ्रॉदर कोणता आणि तो टिकला का?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात मांजलपूरला राहते. आमच्या लहानपणी बडोद्यातल्या लग्नांत जेवणं उरकली की मांडवाच्या कोपऱ्यात कॉफीचं मशीन फुसफुसायला लागायचं. भांड्यातल्या दुधात वाफ सोडली की दूध वर चढायचं, कप भरला की फेसावर चिमूटभर कोको पावडर. सगळे त्याला ‘एक्स्प्रेसो’ म्हणायचे. आमच्या यांना ती कॉफी फार आवडते. ते यंदा निवृत्त झाले. संध्याकाळी दोघांनी गॅलरीत बसून तशी कॉफी प्यावी असं मनात आहे. नुसती चमच्याने फेटलेली नको, दुधालाच फेस हवा. म्हणून फ्रॉदर, म्हणजे दुधाला फेस आणणारं साधन, घ्यायचंय.

दुकानात गेले तर साडेतीनशे रुपयांच्या कांडीपासून (पेन्सिल सेलवर चालणारी, टोकाला फिरणारी स्प्रिंग) चार हजारांच्या विजेच्या जगापर्यंत (दूध तापवून घुसळणारं भांडं) सगळं समोर मांडलं. दुकानदार सगळ्यालाच ‘एकदम मस्त’ म्हणतो. मला वर्षभर वापरून झाल्यावरचं ऐकायचंय. कोणता घेतलात, रोज किती कप करता, दूध कोणतं आणि धुवायला कसा आहे? नाव नको असेल तर कुठे राहता एवढं लिहिलंत तरी पुरे. बडोद्याबाहेरच्यांनीही जरूर लिहा.

रावपुऱ्यातून

ताई, दोनच कप करायचे असतील तर सेलवरची कांडीच घ्या. माझी दुसरी चालू आहे. पहिली खराब झाली ती माझ्या चुकीने. उन्हाळ्यात दीड महिना गावी गेलो आणि पेन्सिल सेल आतच राहिले. परत आलो तर सेलला पाझर फुटून आतली पत्री हिरवी पडलेली. तेव्हापासून चार दिवसांसाठी बाहेर जायचं असलं तरी सेल काढून ठेवतो.

माझी पद्धत सांगतो. दूध गरम करून उंच, अरुंद भांड्यात घ्यायचं, तेही तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. स्प्रिंग आधी दुधात बुडवायची आणि मग बटण दाबायचं, नाहीतर ओट्यापासून शर्टापर्यंत सगळीकडे दूध उडतं. भांडं जरा कलतं धरून स्प्रिंग अगदी पृष्ठभागाखाली ठेवायची. तिथे ती हवा ओढते आणि फुर्रर्र असा आवाज येतो. दहा-पंधरा सेकंद झाले की खाली तळाकडे न्यायची, म्हणजे वरचे मोठे बुडबुडे आत ओढले जाऊन फुटतात. बटण सोडायचं, स्प्रिंग फिरायची थांबली की मगच बाहेर काढायची. शेवटी भांडं ओट्यावर दोनदा हलकेच आपटायचं आणि गोल फिरवायचं. फेस रंग लावल्यासारखा चकचकीत दिसला की जमलं.

धुणं म्हणजे कोमट पाण्याच्या पेल्यात पाच सेकंद फिरवणं, पण ते लगेच करायचं. दूध वाळलं की स्प्रिंगच्या वेढ्यांत असं बसतं की जुन्या टूथब्रशनेच निघतं. मूठ कधीही नळाखाली धरायची नाही. आणखी एक: काही कांड्यांचं बटण सतत दाबून धरावं लागतं, काहींचं सरकवून सोडता येतं. दुसरं बघून घ्या, हात मोकळा राहतो.

कारेलीबागेतून

माझा अनुभव वाईट आहे, पण कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहिते. भाच्याने अमेरिकेहून विजेचा फ्रॉदर आणला. स्टीलचा सुंदर जग, खाली बैठक. पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नव्हत्या म्हणून मंगळ बाजारातून साठ रुपयांचं अ‍ॅडॉप्टर आणलं. दूध ओतलं, बटण दाबलं आणि मिनिटभरात जळका वास. दूध तळाला करपलं आणि जग कायमचा बंद पडला.

नंतर उलटा करून पाहिलं तर बैठकीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. ते अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, वीज तीच राहते. माझे दीर वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला: व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की तापवणाऱ्या तारेत साडेतीन पटीहून जास्त उष्णता तयार होते. मग काय टिकणार? भाच्याला मी सांगितलं नाही. त्याने हौसेने सामानात जागा करून आणला होता.

परदेशातून कुणी आणत असेल तर बैठकीखालचा फोटो आधी मागवून घ्या. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी कांडी असेल तर हा प्रश्न येत नाही.

फतेहगंजमधून

विद्यापीठात शिकत असताना दोन वर्षं मी एका कॅफेत काम केलं. घरी आता वाफेची नळी असलेलं छोटं मशीन आहे. ताईंना लग्नातला जो फेस हवाय तो खरा वाफेचाच. वाफ एकाच वेळी दूध तापवते आणि हवा मिसळते. कांडीसारख्या साधनांत दूध आधी तापवून घ्यावं लागतं.

पण वाफ शिकावी लागते. फ्रिजमधलं गार दूध घ्यायचं म्हणजे हाताशी वेळ राहतो. नळीतलं साठलेलं पाणी आधी फडक्यात सोडून द्यायचं. मग टोक पृष्ठभागाला जेमतेम लागेल असं ठेवायचं. कागद फाडल्यासारखा आवाज आला पाहिजे, किंचाळल्यासारखा नाही. दूध थोडं फुगलं की टोक जरा खाली घेऊन भोवरा फिरू द्यायचा. दुसऱ्या हाताचा तळवा भांड्याला लावून ठेवायचा आणि चटका सोसेनासा झाला की वाफ बंद. साधारण ६० ते ६५ अंशांवर फेस सगळ्यात छान होतो आणि दूधही गोड लागतं. ७० च्या पुढे गेलं की फेस विरळ होतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. कांडीवाल्यांनाही हेच आकडे लागू. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवायची सवय असते आणि लोकांचा फेस बसतो तो बरेचदा त्यामुळेच.

नळी तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसली नाही तर दूध भाजून चिकटतं आणि भोकं बुजतात. रोज एस्प्रेसो (दाबाने काढलेली कडक काळी कॉफी) काढणार असाल तरच मशीन घ्या. नुसत्या फेसासाठी एवढं मशीन ओट्यावर मांडू नका.

दांडिया बाजारातून

आमचं एकत्र कुटुंब आहे, सकाळी सहा कप लागतात. सासूबाईंना कॉफीचा फार नाद. आधी त्या रवीनेच दूध घुसळायच्या. रवीने फेस येतो, खोटं नाही, पण ताकावर येतो तसा मोठ्या बुडबुड्यांचा, कप हातात येईपर्यंत बसणारा. पुढे त्यांची बोटं आखडायला लागली. रवी फिरवणं जमेना आणि कांडीचं बटण दाबून धरणंही जमेना. म्हणून विजेचा जग घेतला. दूध ओतायचं, झाकण लावायचं, एकदाच बटण दाबायचं. तापवून, घुसळून तो आपोआप थांबतो. त्या स्वतः करून घेतात आणि त्याचं मला फार समाधान आहे.

आता अडचणी. आतल्या भिंतीवर दोन खुणा असतात. फेसासाठीची खालची, नुसतं तापवण्यासाठीची वरची. फेस करताना वरच्या खुणेपर्यंत भरलं तर झाकणातून उतू जातं. म्हणजे ‘अर्ध्या लिटरचा जग’ म्हटलं तरी फेसाचे दोनच कप निघतात. सहा जणांसाठी तीन वेळा करावं लागतं, आणि एक खेप झाली की जग थोडा थंड होईपर्यंत पुढची खेप घेत नाही. आतून गार पाण्याने विसळला की लवकर तयार होतो. घेताना लिटर न बघता फेसाच्या खुणेपाशी किती मिली लिहिलंय ते बघा.

त्यात स्प्रिंगची एक बारीक चकती असते, चुंबकावर फिरणारी. आमची मोरीच्या जाळीतून गेली. सुटी मिळायला तीन आठवडे लागले. आता ती धुतली की लगेच परत जगात बसते, दुसरीकडे ठेवायचीच नाही असा घरात नियम आहे. आत साखर किंवा कोको घालू नका, तळाला चिकटतं आणि मग कुणीतरी तारेची घासणी मारतं.

वाघोडिया रोडवरून

मी भाड्याच्या खोलीत राहतो. फ्रेंच प्रेसमध्येच (दांड्याला जाळी असलेलं काचेचं भांडं) कॉफी करतो आणि त्यातच दूधही. दूध कडकडीत नाही, चांगलं गरम. प्रेस तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरायचा, दांडा पंचवीस-तीस वेळा भराभर वर-खाली, आणि फेस अगदी बारीक येतो. वीज नाही, सेल नाही. फक्त जाळीचे आटे सोडवून ती धुवावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येतो. थंडीत काचेचा प्रेस आधी कोमट पाण्याने विसळून घ्या, माझा पहिला तडकला होता.

गोत्रीतून

वरचं सगळं वाचलं. सगळे साधनाबद्दल बोलतायत, पण दुधाबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. माझ्या मते निम्मं गणित तिथेच आहे. कांडी तीच ठेवून मी आठवडाभर दुधं बदलून पाहिली. सरळ उभा काचेचा ग्लास, १०० मिली दूध, तेवढेच सेकंद, आणि बाहेरून मुलाची फूटपट्टी.

अमूल गोल्डमध्ये ६ टक्के फॅट असतं, ताझामध्ये ३ टक्के. ताझाचा फेस गोल्डपेक्षा स्पष्ट उंच आला आणि जास्त वेळ उभा राहिला. गोल्डचा बुटका होता, पण जिभेला मखमली. याचं कारण साधं आहे. हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात ती दुधातली प्रथिनं, आणि फॅट त्या भिंतीत खिंडारं पाडतं. म्हणून साय नसलेलं दूध सगळ्यात जास्त फुगतं, पण त्याचा फेस कोरडा असतो, तोंडात चव राहत नाही. डबल टोन्ड घेतलं तर दीड टक्का फॅट आणि बाकीचा घट्टपणा भरपूर. फेस उंच, चव मधली.

सुट्या म्हशीच्या दुधाचा प्रयोग फसला, पण त्यातूनच सगळ्यात उपयोगी गोष्ट कळली. तापवलेल्या दुधावरचे सायीचे तुकडे स्प्रिंगला गुंडाळले गेले, कांडी घुं घुं करत अडकली. दुसऱ्या दिवशी तेच दूध फ्रिजमधून काढलं, तुपासाठी वरची जाड साय डब्यात काढून घेतली, उरलेलं दूध गाळण्यातून गाळून कोमट केलं आणि फेटलं. बोटभर फेस, आणि तोही घट्ट! साय काढली म्हणजे फॅट कमी झालं, प्रथिनं मात्र तशीच राहिली. आपल्या घरी रोज तुपासाठी साय काढतोच की. म्हणजे फेसाचं दूध आपल्याकडे रोजच तयार असतं, त्यासाठी वेगळी पिशवी आणायला नको.

दूध ताजं हवं, हेही लिहून ठेवते. उघडून तीन दिवस झालेल्या पिशवीचं दूध नासलं नव्हतं तरी फेस धरेना.

अलकापुरीतून

मला दूध पचत नाही. सोया दुधाचा फेस चांगला येतो, कारण त्यात प्रथिनं आहेत. पण कॉफी आंबटसर आणि खूप गरम असली की ते फाटतं. कॉफी दोन मिनिटं निवू दिली की फाटत नाही. घरी केलेल्या बदामाच्या दुधाचा फेस मात्र कधीच उभा राहिला नाही, कोणत्याही साधनाने. विकतच्या ओट दुधात कॉफीसाठी म्हणून वेगळं मिळतं, त्यात तेल आणि आम्लता आवरणारे क्षार घातलेले असतात, त्याने जमतं. महाग पडतं, पण रविवारी घेते.

पुन्हा मांजलपूरहून

सगळ्यांचे मनापासून आभार. कारेलीबागच्या ताई, तुमचं वाचून मी आधी मुलीला फोन केला. ती सिंगापूरहून पाठवणार होती. तिथेही २३० व्होल्टच असतात म्हणाली, पण तिला नको म्हटलं, इथे दुरुस्त होईल असंच हवंय.

आम्ही दोघंच. सहा कपांचा प्रश्न नाही, हातही अजून चालतात. म्हणून रावपुऱ्याच्या दादांनी सांगितली तशी सरकत्या बटणाची कांडी आणली, चारशे दहा रुपये. काल सकाळी साय काढून ठेवलेलं दूध संध्याकाळी गाळून घेतलं. थर्मामीटर नाही, म्हणून भांड्याला तळवा लावून बघितलं आणि चटका बसला तशी गॅस बंद केला. पहिल्या खेपेला स्प्रिंग फार खोल गेली, नुसतं दूध ढवळलं. दुसऱ्या खेपेला ती वर आणली, फुर्रर्र आवाज आला आणि दूध डोळ्यांदेखत दीडपट झालं.

कोको पावडर घरात नव्हती. हे चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पाच मिनिटांत घेऊन आले. फेस तोवर बसला नव्हता.