वाकळ पुन्हा शिवायला घेतली आहे, मध्यात चुण्या पडतात. जाणकारांनी सांगावे

माणदेशी_टर्नर

नमस्कार मंडळी.

मी पिंपरीला राहतो, मूळ गाव माणदेशातलं. नोकरी सगळी लेथवर झाली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे घोंगडी विकत यायची, पण वाकळ, म्हणजे हाताने शिवलेली गोधडी, घरचीच असायची. आई उन्हाळ्यात शेतीची कामं संपली की ओसरीवर लुगडं अंथरायची आणि चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, लोखंडी घमेलं असं वजन ठेवायची. सुईत दोरा ओवून देणं हे माझं काम. पुढे हात बसला तसं कडेच्या फेऱ्याही तिने माझ्याकडे सोपवल्या. आयटीआयला आलो आणि सुई सुटली.

गावाकडची ट्रंक रिकामी करताना वहिनींनी आईची लुगडी माझ्याकडे पाठवली. काही साधी सुती आहेत, दोन इरकली. त्यांच्या वाकळा मला स्वतःच्या हातांनी करायच्या आहेत, मशीनवर नाही आणि बाहेर देऊनही नाही. लुगड्यांना कात्री लावण्याआधी सराव म्हणून जुन्या चादरींची ३ फूट बाय ४ फुटांची एक लहान वाकळ धरली आहे. वर चादर, खाली चादर, मध्ये धुतलेल्या जुन्या धोतराचे दोन थर. आईसारखीच कडेपासून सुरुवात केली आणि फेरी फेरीने आत येतो आहे. कडा झकास आल्या. पण आत जावं तसं वरचं कापड सैल पडत चाललंय. मध्याजवळ आता अंगठ्याएवढी चुणी उभी राहते, मागच्या बाजूला तर दुप्पट. टाके एकसारखे आहेत, इंचाला चार, पट्टीने मोजून पाहिले. मग कापड जास्तीचं होतं कुठून?

दुसरं, दोरा फार गुंततो. तिसरं, गुडघ्यांमुळे जमिनीवर मांडी घालून बसणं आता शक्य नाही. डायनिंग टेबलवर हे काम होतं का? आणि इरकलीचा पदर वाकळीत घ्यावा का? टाकून द्यायला मन होत नाही आणि कापायलाही होत नाही.

हिशोब तेवढा करून ठेवला आहे. नऊवारी म्हणजे २७ फूट. चार सारखे तुकडे केले तर प्रत्येकी पावणेसात फूट. पन्हा (कापडाची रुंदी) साधारण ४५ इंच, म्हणजे दोन तुकडे काठाला काठ जोडले की साडेसात फूट रुंदी. एका लुगड्यात वरची आणि खालची दोन्ही बाजू निघतात. हे बरोबर आहे का तेही सांगा.

कृष्णाकाठची

दादा, हिशोब बरोबर आहे. फक्त शिवताना लांबी-रुंदी दोन्हीकडून चार-सहा बोटं आत ओढली जातात, ते धरून चाला.

मी कराडची. सासूबाई शिवायच्या, आता मी आणि जाऊबाई शिवतो. तुमची सुई चांगली आहे, चूक त्याच्या आधीच्या कामात असणार. कच्चे टाके घातलेत का? तुम्ही लिहिलंय त्यात अंथरणं आहे, वजन आहे, मग एकदम कडेचा टाका आहे. मधलं काम तुमच्या आईंनी तुम्हाला दाखवलं नसेल, कारण ते त्या पोरं शाळेत गेल्यावर किंवा शेजारणीला बोलावून उरकत असतील. आमच्यात तसंच होतं. थर ताणून अंथरायचे, मग वीत-वीत अंतरावर मोठाले कच्चे टाके टाकायचे, आधी उभे आणि मग आडवे. टाका चार बोटांचा असला तरी चालतो. दोरा पांढरा आणि स्वस्तातला घ्या, नंतर उसवायचाच आहे. हे टाके घालताना वजन हलवायचं नाही. माणूसच कापडाभोवती फिरतं.

आतल्या धोतराचे तुकडे एकावर एक चढवू नका, कडेला कड भिडवा. चढवले की तिथे वळी उठते आणि ती कायमची. आत बनियन, टी-शर्ट असलं ताणणारं काही घालू नका. नायलॉनची साडी तर नकोच, सुती आटतं आणि ती आटत नाही, पहिल्या धुण्यात वाकळ फुगते.

सगळं कापड आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. रंग जाणारं असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवा.

लुगडं कापायच्या आधी उजेडावर धरून बघा. बसण्याचा आणि गुडघ्याचा भाग विरलेला असतो. दोन अंगठ्यांत धरून हलकं ओढा, चर्र आवाज आला की तो भाग आतल्या थराला द्या. वरच्या बाजूला काठाजवळचं घट्ट कापड घ्या.

आणि शिवलेलं सगळं उसवू नका. मधल्या पाच-सहा फेऱ्या उसवा, सपाट करा, कच्चे टाके घाला आणि पुन्हा चला.

ह्यूस्टनकर

काका, कृष्णाकाठची ताईंचं कच्च्या टाक्यांचं शंभर टक्के बरोबर. त्यात थोडी भर घालते.

मी इथे अमेरिकन पद्धतीचं क्विल्टिंग शिकले. ह्यूस्टनला दरवर्षी क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं, ते बघून नाद लागला. इथे हाताने शिवणाऱ्या बायका मध्यापासून सुरुवात करतात आणि बाहेर जातात. प्रत्येक टाका कापडाला किंचित पुढे ढकलतो. मध्यातून बाहेर गेलं की ते जास्तीचं कापड कडेला येतं, आणि कड शेवटी कापून सरळ करायची असल्यामुळे बिघडत काही नाही. आपल्या वाकळीत कड आधीच दुमडून बंद केलेली असते. त्यामुळे ढकललेलं कापड आत आत येतं आणि बाहेर पडायला वाटच उरत नाही. तुमची चुणी तिथली आहे. इंचाला चार टाके मोजून घातलेत म्हणून ती सगळ्या बाजूंनी सारखी जमली असेल.

म्हणजे दोन वाटा. आईंची पद्धत ठेवायची तर कच्चे टाके दाट हवेत, ताईंनी सांगितलेत तसे. नाहीतर कड उघडी ठेवून मध्यापासून निघायचं आणि शेवटी गोट (कडेला दुमडून शिवायची पट्टी) लावायचा. मी तुमच्या जागी असते तर आईंचीच पद्धत धरली असती. त्या गोल फिरत आत येणाऱ्या रेघांनी वाकळीला जे रूप येतं ते दुसऱ्या कशाने येत नाही.

टेबलवर नक्की होतं. थर अंथरणं आणि कच्चे टाके एवढंच टेबलवर करायचं. कापड टेबलाच्या कडेला कागदाच्या मोठ्या चिमट्यांनी धरायचं, खालचा थर ताठ पण ताणलेला नाही असा. फार ताणलात तर चिमटे काढल्यावर तो आक्रसतो आणि वरच्याला चुण्या पडतात. मोठी वाकळ टेबलाबाहेर जाईल, तेव्हा एक भाग पक्का करून सरकवायचा. एकदा कच्चे टाके पडले की मग खुर्चीत बसून मांडीवर घेऊन शिवता येतं. वाकळीचा भार मांडीवर आणि टेबलावर राहू द्या, खाली लोंबू देऊ नका, खांदा भरून येतो.

दोऱ्याचं: हातभरच घ्या, त्याहून लांब नको. रिळावरून जे टोक आधी सुटतं ते सुईत ओवा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा. मग मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. जाड सुती दोरा घ्या. मला ८ नंबरचा पर्ल कॉटन आवडतो, टाका उठून दिसतो. सुई आखूड घ्या. हातशिलाईच्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा.

ताई, एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे, रागावू नका. आत्ताच्या रंगांना मिठाने फरक पडेलच असं नाही. ओला पांढरा फडका काठावर चोळून बघायचा. फडक्याला रंग लागला तर तो काठ सुटाच धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. येत नसेल तर पांढऱ्या कापडाशेजारी तो वापरायचा नाही.

कृष्णाकाठची

रागवायचं काय त्यात! आमच्याकडे मीठ घालायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फडक्याचं करून बघते, लाल काठाचं लुगडं माझ्याकडेही पडून आहे.

हल्याळचा_पाव्हणा

आमच्या कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका वाकळा करतात. त्या म्हणतात कवंद. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज, कोंकणी-मराठीही बोलतात. त्यांच्याकडे हे काम पाहत मी लहानाचा मोठा झालो, म्हणून लिहितो.

त्या वरचं कापड आधी जोडून ठेवतच नाहीत. खाली एक साडी अंथरतात, एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेने एक एक तुकडा ठेवतात, त्याची कड बोटाने आत दुमडतात आणि त्याच धावदोऱ्याने तो तुकडा आणि थर एकत्र शिवत जातात. तुकडा जोडणं आणि वाकळ शिवणं हे एकच काम. फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. काका, चुणीचं उत्तर यातही आहे. कापड सरकलं तर पुढचा तुकडा तेवढा मोठा-लहान दुमडायचा, सैलपणा दुमडीत जातो. म्हणून त्यांच्या कवंदीत रेघा वाकड्या दिसल्या तरी कापड सपाट बसतं.

चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसलेली कवंद त्यांना उघडी वाटते.

तुमच्या लुगड्याच्या विरलेल्या भागातून जे चांगले तुकडे निघतील त्यांची अशी एक लहान करून बघा. अखंड लुगडं लागत नाही.

माणदेशी_टर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार.

मधल्या फेऱ्या उसवल्या. डायनिंग टेबलला चिमटे लावले आणि वीतभर अंतराने उभे-आडवे कच्चे टाके घातले. ह्यूस्टनकर, तुम्ही लिहिलेलं कापड पुढे ढकललं जाण्याचं कारण वाचल्यावर मला एकदम उमगलं, आमच्याकडे लेथवर लांब शाफ्ट मधोमध लवतो म्हणून स्टेडी, म्हणजे मधला आधार, लावतात, तेच काम कच्चे टाके करतात. आता फेऱ्या मध्यापर्यंत गेल्या आणि वाकळ सपाट आहे. मागची बाजूही.

ताई, तुम्ही म्हणालात तसंच असणार. आई दुपारी शेजारच्या काकूंना हाक मारायची आणि आम्ही शाळेतून यायच्या आत दोघींनी काहीतरी उरकलेलं असायचं. ते काय, हे मी कधी विचारलं नाही.

एक माझ्याकडून. सुई जाड थरात अडकली की बोटांनी निघत नाही, पक्कड लावली तर वाकते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटांचा तुकडा कापून चिमटीत धरा, सुई सहज ओढली जाते. ढकलायला अंगुस्तान (बोटावर घालायची धातूची टोपी) मधल्या बोटात. आईकडे पितळेचं होतं, मला तसं बोहरी आळीत मिळालं.

इरकलीचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही. अंग सुती आहे, पदर रेशमाचा आहे.

कृष्णाकाठची

दादा, इरकलीच्या पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात आणि मग विणतात. त्या जोडाला धक्का लावू नका. रेशीम टोकांना सुटतं, आणि वाकळ दरवर्षी घट बसायच्या आधी धुवायला निघणार, तेव्हा ते टिकायचं नाही. जोडाच्या चार बोटं अलीकडे, सुती अंगात कापा. पदर काढून ठेवा, त्याचा सुनेला किंवा लेकीला ब्लाऊज होतो, पिशवी होते. अंगाची वाकळ करा. इरकलीचा काठ घट्ट असतो, त्यातून सुई जाणं जड, म्हणून दोन काठ मध्यभागी जोडू नका. काठ बाहेरच्या कडेला येऊ द्या, मध्ये साधं अंग. तुमच्या कडा झकास येतात असं तुम्हीच लिहिलंय.

आणि गोट लावायचा झाला तर सरळ पट्टी पुरते. तिरकी पट्टी गोल कडेलाच लागते, त्यात कापड उगाच जातं. तीन बोटं रुंद कापा, दुमडून अर्ध्यावर आणा, कोपऱ्यात घाई करू नका.