गुरुवारी पहिल्यांदा काउन्सेलरकडे जातोय, तिथं नेमकं काय होतं?

नऊनंबरवाला
नमस्कार मंडळी. वय ३४, कोल्हापूर, फौंड्रीत क्वालिटीला आहे. गेले सात-आठ महिने झोपेचं पार खोबरं झालंय, रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात जुने हिशोब. घरात बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढतो. परवा मुलीच्या हातून पाण्याची बाटली सांडली तर मी असा ओरडलो की पोरगी टेबलाखाली जाऊन बसली. बायको त्या दिवशी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी फक्त एक नंबर व्हॉट्सॅपला पाठवला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शुगर, थायरॉईड, बी-१२ सगळं तपासलं, नॉर्मल. तर गुरुवारी सहाची अपॉइंटमेंट घेतलीय, ५० मिनिटांचे १२०० रुपये.
आता खरी भीती वाटालीय. पहिल्या दिवशी बोलायचं काय, सुरुवात कुठनं करायची? गोळ्या देतात का? आणि दवाखाना राजारामपुरीत अगदी मेन रोडला, खाली ओळखीच्या माणसाचं दुकान, गाडी लावली की चौकशी ठरलेली. इकडं शिंकलं तर तिकडं माणूस रुमाल घेऊन उभा, असं आमचं गाव. आत बोललेलं बाहेर जात नाही ना?

अर्धाकपचहा
दादा, मी पुण्यात दोन वर्षांपूर्वी सुरू केलं होतं, चौदा सेशन्स झाली, त्यामुळे माझ्यापुरतं सांगते. सिनेमातल्यासारखा झोपायचा सोफा वगैरे काही नसतो, दोन साध्या खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा. घड्याळ माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं म्हणजे त्यांना दिसायचं आणि मला नाही, हे मला तिसऱ्या सेशनला कळलं.
पहिला दिवस जवळपास त्यांच्या प्रश्नांतच जातो. आधी एक फॉर्म, मग झोप कशी, भूक कशी, घरी कोण कोण, आधी काही आजार, दारू-तंबाखू, घरात कुणाला असा त्रास होता का. मला एक कागद पण दिला होता, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं असे नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. आणि मरावंसं वाटतं का हे एकदम सरळ विचारतात, दचकू नका, ते सगळ्यांनाच विचारतात, जे असेल ते खरं सांगा. सुरुवात कुठून करायची याचं टेन्शन घेऊ नका, तुम्ही वर बाटलीचं लिहिलंय ना तेच सांगा, तेवढ्यावर तास जातो.
एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. पहिल्या सेशननंतर हलकं वाटेल असं मी धरून चालले होते आणि उलट एकदम रिकामं वाटायला लागलं, पार्किंगमध्ये स्कूटरवर वीस मिनिटं नुसती बसून होते, किल्लीसुद्धा लावली नाही. म्हणून त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. आणि सल्ला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, मी आपली 'मग मी काय करू ते सांगा' म्हणून बसले होते आणि बाई नुसत्या गप्प. जाम राग आला होता.

एमएपार्टटू
मी याच लाइनमध्ये आहे म्हणून दोन-चार गोष्टी क्लिअर करतो. काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, त्या सायकिअॅट्रिस्ट देतात, ते एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात. गरज वाटली तर काउन्सेलर तुम्हाला तिकडे पाठवतील आणि दोन्ही एकत्र चालू शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.
डिग्री बिनधास्त विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर असलाच पाहिजे. काउन्सेलर या शब्दाचं तसं नाही, एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे पण काउन्सेलर आणि दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला पण काउन्सेलर. २०२१ मध्ये अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांचा, कायदा झाला त्यात काउन्सेलर येतात, पण म्हणून आज दारावरची पाटी बघून विश्वास ठेवू नका.
गोपनीयतेचं म्हणाल तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टमध्ये पेशंटचा तो हक्क लिहिलेला आहे. तरी पहिल्याच दिवशी तोंडी विचारा, फॉर्मवर पण वाचा. अपवाद असतात: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर, कोर्टाने मागितलं तर, आणि लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचं काही समोर आलं तर पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली कळवावंच लागतं. बायकोने फोन करून विचारलं तरी तुमच्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं.
आपल्याकडे विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारे बरेच भेटतील, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, मराठीत कि. मो. फडक्यांनी रुजवली. त्यात साधारण असं चालतं की बाटली सांडली ही घटना, ओरडलो हा परिणाम, आणि या दोघांच्या मध्ये तुमच्या डोक्यात एक वाक्य पळून गेलं ते पकडायचं. 'माझं या घरात कुणी ऐकतच नाही' असलं काहीतरी असतं बहुतेक. ते पकडायला घरी लिहायचा गृहपाठ देतात, तो कराच, न केलेल्या लोकांचं गाडं तिथंच रुतलेलं मी बघितलंय.

सांगलीचा_काका
सगळं गोड गोड लिहिताय म्हणून माझं पण ऐका. मी एका ठिकाणी दहा सेशनचं पॅकेज आधीच भरलं, सूट मिळते म्हणून. दुसऱ्या वेळी साहेब स्वतःच्या घटस्फोटाबद्दल पाऊण तास बोलले आणि तिसऱ्या वेळी मला विचारलं घराचा दरवाजा कुठल्या दिशेला आहे. अहो दरवाजा विचारायला मी आलो होतो का! पैसे गेले ते गेले. वर्षभर मग कुणाकडे फिरकलो नाही, हे जास्त वाईट झालं. नंतर मुलीने दुसरीकडे नेलं तिथं जमलं. तर पॅकेज आधी भरायचं नाही, एकेक सेशनचे द्या. आणि आयत्या वेळी रद्द केलं तर फी लागते का ते पण विचारून ठेवा, बहुतेक ठिकाणी एक दिवस आधी कळवावं लागतं. तीन-चार वेळा जाऊनही पटत नसेल तर सरळ बदला, न्हावी बदलतो तसा.

खिडकीतली_सीट
गाडी दिसायचा प्रॉब्लेम असेल तर ऑनलाइन पण घेतात, मी सहा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कारमध्ये बसून घेतलं कारण घरात सासूबाई. फक्त उन्हाळ्यात काचा बंद करून बसवत नाही हो. आणि गुरुवारच्या आधी रात्री तीनला फारच झालं तर टेलीमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

नऊनंबरवाला
जाऊन आलो. गाडी खालीच लावली, शेवटी म्हटलं बघू दे. दुकानातनं आवाज आलाच, 'काय, दात काढायला?' पहिल्या मजल्यावर डेंटिस्ट आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. हो म्हटलं आणि वर गेलो.
वर मॅडमनी विचारलं यायला काही त्रास नाही ना झाला, तर मी पंधरा मिनिटं गाडी, दुकान आणि दात याच्यावरच बोलालोय. त्या हसल्या नाहीत, लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, कुणी काय म्हणेल याचा विचार एरवीही इतका असतो का? त्यावर मला काय बोलावं सुचेना. डिग्री विचारली, नंबर लगेच दाखवला, राग वगैरे काही नाही. मुलीचं सांगताना मात्र घसा दाटला, टिश्यूचा डबा खरंच होता.
गृहपाठ दिलाय, तीनला जाग आली की डोक्यात पहिलं काय आलं ते दोन ओळी लिहायचं. पुढचा गुरुवार, सहा वाजता. वही आणायला सांगितलीय, मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं चालतील का ते विचारायचं राहिलं.