कॉन्टेसा क्लासिकसाठी बाहेरचे सुटे भाग: कोणते घ्यावेत आणि कोणते जुनेच ठेवावेत?

चाटीगल्लीवाला

नमस्कार. वडिलांनी १९९३ साली घेतलेली हिंदुस्तान मोटर्सची १.८ लिटर पेट्रोलची कॉन्टेसा क्लासिक गेली अकरा वर्षे आमच्या चादरींच्या गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीनंतर ती बाहेर काढली आणि सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये उघडायला दिली. इंजिन हाताने फिरते, पण रबराच्या नावाने जे काही होते ते बहुतेक सगळे गेले आहे. दोन्ही बाजूंच्या दरवाजाखालच्या पट्ट्यांना गंज आहे आणि पुढचा बंपर बफिंग करण्याच्याही पलीकडे गेला आहे.

कंपनीचे भाग आता मिळणार नाहीत हे मला मान्य आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकातल्या मस्टँगचा अख्खा नवा बॉडी शेल आजही विकत मिळतो, आणि आपल्याकडे ज्या गाडीला लोक कौतुकाने भारताची मसल कार म्हणतात तिचा एक दरवाजाचा रबर मिळवायला कुर्ल्यापासून दिल्लीच्या काश्मीरी गेटपर्यंत फोन फिरवावे लागतात. तरीही थोडे थोडे करून मी पुढचा बंपर आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ब्रेक ऑइलवर दाब देणारा) आणला आहे. पॉलियुरेथेनचे सस्पेन्शन बुश (सांध्यांत बसणारे, रबरापेक्षा कडक), १५ इंची अलॉय चाके, अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि विजेचा पंखा अजून घ्यायचे आहेत.

अडचण बंपरपासूनच सुरू झाली. डाव्या ब्रॅकेटचे बोल्ट सहज बसतात, पण उजवीकडची भोके सात ते आठ मिलिमीटर सरकलेली दिसतात. दुकानदार म्हणतो की माल साच्यातलाच आहे, आणि गॅरेजवाले म्हणतात की भोक कानसीने लांबट करू आणि पुढच्या आठवड्यात गाडी रंगाला घेऊ. भोक वाढवावे की बंपर परत करावा? उरलेल्या यादीतले काय घ्यावे आणि काय सोडावे, हेही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

लेथवाला_एमआयडीसी

आपण हा प्रश्न रंगाच्या आधी विचारलात, हे फार बरे झाले. भोक वाढवू नका आणि बंपर परतही करू नका. तूर्त कानस बाजूला ठेवा आणि ओळंबा घ्या.

कॉन्टेसाला वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा एखादा किरकोळ धक्कासुद्धा पुढच्या दोन रेलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब पत्री तुळयांमध्ये, साठून राहिलेला असू शकतो. गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर घ्या. पुढच्या रेलवर डावीउजवीकडे जी जोडीची भोके असतात त्यांतून, आणि तशीच मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) खाली असलेल्या जोडीच्या भोकांतून, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने चार खुणा करा. मग आडव्या कर्णांची लांबी पोलादी टेपने मोजा. दोन्ही कर्ण दोन-तीन मिलिमीटरच्या फरकात आले तर दोष बंपरचा आहे. त्याहून जास्त फरक आला तर दोष गाडीचा आहे, आणि तो कानसीने झाकला की बंपरनंतर ग्रिल, ग्रिलनंतर बॉनेट असा तो पुढे पुढे सरकत जातो.

बाजारातला प्रत्येक बाहेरचा भाग हा कुठल्यातरी नमुन्यावरून केलेला असतो, आणि तो नमुना स्वतःच झिजलेला किंवा वाकलेला होता की नाही हे डब्यावर लिहिलेले नसते. म्हणून जुना भाग कितीही कुजलेला असला तरी नवा भाग बसून, गाडी शे-दोनशे किलोमीटर चालून होईपर्यंत तो भंगारात देऊ नये. आमच्याकडे एका गृहस्थांनी जुने सगळे किलोवर विकून टाकले आणि नंतर एका साध्या स्पेसरची जाडी किती होती हे कळायला कुठलाच मार्ग उरला नाही. शेवटी दुसऱ्या गाडीचा स्पेसर मोजून तो करून द्यावा लागला.

पट्ट्यांचा गंज कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीला आतून आडवे टेके टाका आणि पट्टी कापत असताना दरवाजे बसवून-काढून फटी पाहत राहा. टेका न देता पट्टी कापली तर बॉडी मध्येच बसते, आणि मग तो दरवाजा आयुष्यभर उचलून लावावा लागतो.

आट्यांबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. या गाडीची बॉडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, आणि आपले १.८ लिटरचे इंजिन जपानच्या इसुझूचे. त्यामुळे एकाच गाडीत इंची आणि मेट्रिक असे दोन्ही आटे भेटतात. पाच सोळांश इंची यूएनएफ (बारीक आट्यांच्या इंची) बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर आणि मेट्रिक एम ८ चा ८ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण पहिल्याला इंचात २४ आटे असतात आणि दुसऱ्याचा आटा सव्वा मिलिमीटरचा असतो. चुकीचा बोल्ट हाताने एक-दोन फेरे गोडीत जातो, मग अडतो, आणि तिथे पाना लावला की भोकातले आटे गेले म्हणून समजा. बोल्ट हाताने पाच-सहा फेरे गेल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, असा नियम गॅरेजमधल्या पोरांना घालून द्या. सीटबेल्टचे बोल्ट जवळपास सगळ्या गाड्यांत सात सोळांश इंची यूएनएफ असतात, तिथे दुसरे काही ठोकू देऊ नका.

साधे बुश, स्पेसर, पिना यांच्यासाठी मुंबईला फोन करण्याचे कारण नाही. यंत्रमागाचे भाग वर्षानुवर्षे करत आलेले लेथवाले आपल्या गावात आहेत. नमुना आणि व्हर्नियरने घेतलेले माप नेऊन दिले की गनमेटलचा बुश संध्याकाळपर्यंत हातात मिळतो.

पॉइंट_कंडेन्सर

लेथवाले साहेबांनी पत्र्याचे सांगितलेच आहे, म्हणून मी ब्रेक, पेट्रोल आणि पाणी एवढ्यापुरतेच लिहितो. माझ्याकडे १.५ लिटर इंजिनाची, म्हणजे अॅम्बेसेडरचेच इंजिन असलेली जुनी कॉन्टेसा होती आणि या तीनही बाबतींत मी स्वतः चुका केलेल्या आहेत.

आपण आणलेल्या मास्टर सिलिंडरच्या अंगावर बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे, माप ओतलेले असते. ते जुन्या सिलिंडरशी ताडून पाहा. ‘कॉन्टेसाला बसतो’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की त्याचे दोन स्टड बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) जुळतात. समजा जुना बोअर तेरा सोळांश इंचाचा आहे आणि नवा सात अष्टमांशाचा आला, तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही, पण क्षेत्रफळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच दाब मिळवायला पाय तेवढाच जास्त रेटावा लागतो. मी असा सिलिंडर बसवला होता. पेडल पायाला घट्ट लागले म्हणून खूशही झालो, आणि अक्कलकोट रस्त्यावर एका रिक्षाच्या मागे गाडी थांबता थांबता उजवा पाय थरथरायला लागला तेव्हा त्या घट्टपणाचा अर्थ कळला.

जुन्या सिलिंडरचा बोअर खड्डे न पडता शिल्लक असेल तर होन करून (आतून बारीक घासून) नवे वायसर, म्हणजे आतली रबरी सीले, टाकावेत असे माझे मत आहे. खड्डे असतील तर स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) मूळ मापाची घालून घेता येते. वायसर बसवताना साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात लावू नका, कारण खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते. ब्रेक ऑइल डॉट ४ वापरा, आणि सिलिकॉनचे डॉट ५ कोणी दिले तर घेऊ नका, कारण ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही.

आता पेट्रोल. आपली गाडी उभी राहिली तेव्हा पंपावरचे पेट्रोल वेगळे होते. आज त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि गंमत अशी की त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे असते. साधा नायट्राइल पाइप त्यात हळूहळू मऊ पडतो, कार्बोरेटरचा पडदा ताठ होतो, आणि उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल ओलावा ओढून घेऊन तळाला गंज धरवते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा फ्लोरोरबरचे आतले अस्तर असलेलाच घ्या. दुकानात व्हायटॉन म्हटले की समजते. नुसते ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मीटरवर विकतात तो घेऊ नका. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे किटही इथेनॉलला चालणारे आहे ना, हे विचारून घ्या. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) गाडी थोडी कोरडी, म्हणजे गरम चालते. आधी इंजिन सुरू होऊ द्या, प्लगचा रंग पाहा आणि मगच मेन जेट एखाद-दुसऱ्या नंबराने वाढवा. हे काम आधी अंदाजाने करू नये.

रेडिएटरवर पैसे घालवू नका. जुन्या पितळी रेडिएटरच्या टाक्या शाबूत असतील तर नवीन तांब्याचा कोर (मधला जाळीचा भाग) बसवून घ्या. तो मूळ कानांवर बसतो, त्याला ब्रॅकेट कापावे लागत नाहीत, आणि गळला तर गावातसुद्धा डाग देता येतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडे एक रीतच पडली आहे, ती कृपया पाळू नका. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन लवकर तापत नाही आणि झिजते, आणि उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यावर मूळ दुखणे, म्हणजे चोंदलेला कोर, तसेच राहते. आपल्या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे आहे, तेव्हा बोअरचे क्षाराचे पाणी त्यात घालूच नका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हेच घाला.

विजेचा पंखा बसवायचाच असेल तर रिले लावून स्वतंत्र जाड वायरीवर बसवा. असा पंखा दहा-पंधरा अँपिअर सहज ओढतो, आणि तीस वर्षांची इग्निशन स्विचची वायर त्यासाठी नाही.

विजापूर_रोड

चाकांचे मी सांगतो, कारण ही हौस मलाही होती.

अलॉय घेताना व्यास शेवटी पाहावा. आधी स्टडच्या वर्तुळाचा व्यास, मग मधल्या हबच्या भोकाचा व्यास आणि मग ऑफसेट, म्हणजे चाक हबवर मध्यापासून किती आत-बाहेर बसते ते. पाच स्टड असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणले की वर्तुळाचा व्यास मिळतो. एक-दोन मिलिमीटरचा फरक दुकानात ‘बसून जाते’ म्हणून खपवतात. नट आवळले जातात हे खरे, पण चाक केंद्रावर बसत नाही, स्टड वाकून ताणात राहतो आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. टायरचे माप असे घ्या की बाहेरचा व्यास बदलणार नाही. उदाहरणार्थ १८५/७० आर १४ आणि १९५/६० आर १५ हे दोन्ही साधारण ६१५ मिलिमीटरच भरतात, त्यामुळे स्पीडोमीटर खोटे बोलत नाही.

पॉलियुरेथेनच्या बुशांबद्दल मात्र माझे मत कडक आहे. मागचा अॅक्सल धरणारे आर्म एकाच दिशेने हलत नाहीत, गाडी कलली की ते पिळलेही जातात. तिथे कडक बुश घातला तर पीळ बुशात न मुरता पत्र्यावरच्या कानात जातो, आणि आपण आत्ताच वेल्डिंग केलेल्या पत्र्याला तो ताण कशाला द्यायचा? पुढे अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीला) हवे तर पॉली घाला, बाकी सगळीकडे रबर. रबरी बुश बसवताना बोल्ट हलके लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन वेळा दाबून सोडा आणि चाकांवर वजन असतानाच शेवटचा पीळ द्या. गाडी हवेत असताना आवळलेला बुश गाडी खाली येताच कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग लोक ‘डुप्लिकेट माल’ म्हणून दुकानदाराला शिव्या देतात.

कागदपत्रांकडेही लक्ष असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. इंजिन बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आधार आपल्याला नाही, कारण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची असावी लागते आणि पहिली कॉन्टेसाच मुळी १९८४ ची आहे. आपल्याला पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वाटेनेच जावे लागेल, आणि तिथे तपासणीला ब्रेक, दिवे आणि धूर पाहतात, बंपरची चमक पाहत नाहीत.

चाटीगल्लीवाला

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी गोदामाच्या फरशीवर ओळंबा सोडून मापे घेतली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा नऊ मिलिमीटरने कमी भरला. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच आले. बंपर निर्दोष आहे, उजवी रेल आत गेलेली आहे. घरी आईला विचारले तेव्हा तिला आठवले की मोहोळच्या अलीकडे रात्री वडिलांची गाडी उसाच्या विनादिव्याच्या ट्रॉलीला घासली होती, आणि ‘काही नाही, बंपरच गेलाय’ असे त्यांनी घरी सांगितले होते. म्हणजे आज सडलेला बंपरही त्या वेळी बदललेलाच असणार, आणि त्याची काढलेली ब्रॅकेट नीट पाहिली तर उजव्या भोकावर कानसीच्या खुणा स्पष्ट दिसतात.

मास्टर सिलिंडरही ताडून पाहिला. दोन्हींवर वेगवेगळे आकडे आहेत, तेव्हा तो उद्याच परत करतो. अलॉय आणि पॉली बुश यादीतून काढले. रंगाची तारीख पुढे ढकलली आहे, त्यावर गॅरेजवाले नाराज आहेत, पण इलाज नाही. एकच विचारायचे राहिले: रेल ओढून सरळ करताना इंजिन आत असू द्यावे की काढावे?

लेथवाला_एमआयडीसी

काढावे. इंजिनाचे वजन रेलवर असताना ती कुठे थांबली हे कळत नाही. ओढताना अपेक्षित मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त न्या, कारण सोडल्यावर पत्रा थोडा परत येतो. मग पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू. आणि जुनी ब्रॅकेट मोडीत देऊ नका, येत्या शनिवारी घेऊन या, तिचे भोक भरून मूळ जागी पाडून देतो.