मोफत बागकाम व्याख्यान : करून दाखवायचंय, पण कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचा बागप्रेमींचा गट अधूनमधून सर्वांसाठी खुलं, मोफत व्याख्यान ठेवतो. पुढचं माझ्या गळ्यात पडलंय. विषय, कुंडीतली माती आणि पाणी.

मागच्या वेळी कंपोस्टवर होतं. वक्ते जाणकार, पण कार्बन-नायट्रोजनचं ३०:१ प्रमाण फळ्यावर समजावण्यातच ४० मिनिटं गेली. मागच्या रांगेतल्या एक आजी डब्यात स्वतःचं चिकट, वास मारणारं खत घेऊन आल्या होत्या. यात वाळका पाला किती घालू, एवढंच त्यांना विचारायचं होतं. डबा न उघडताच परत गेल्या. मला ते फार लागलं.

म्हणून या वेळी करूनच दाखवणार. तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा समज काढायचाय. भिजलेला स्पंज आडवा धरायचा, ठिबकणं थांबलं की उभा करायचा. पाणी पुन्हा गळायला लागतं. उंची वाढली की जास्त पाणी सुटतं. खडीमुळे मातीची उंची घटते, आणि ओल उलट मुळांच्या जवळ येते. पण शेवटच्या रांगेला हे दिसणार कसं? पाण्यात रंग घालू का?

दुसरं, प्रश्नोत्तरं. कुणीतरी माईक धरतो आणि आपल्या गुलाबाची अख्खी कुंडली मांडतो! प्रश्न आधीच चिठ्ठीवर घेतले तर लोक अवघडतात का? आणि नाव नोंदवून न येणाऱ्यांचं काय करता? खुर्च्या किती मांडाव्यात तेच कळत नाही.