ताई आईची वाट बघते. तिला खरं सांगायचं का?

फोंड्याची धाकटी:
माझी थोरली बहीण ७४ वर्षांची, अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. फोंड्याच्या घरात आम्ही दोघीच. दिवेलागण झाली की ती दारात उभी राहते. "आई म्हार्दोळहून अजून कशी आली नाही गो?" आई जाऊन २२ वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं सांगायचे. ती हंबरडा फोडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच रडणं. आता म्हणते, "देवळात आरती लांबली असेल, येईल." ती आत येऊन बसते. भाऊ म्हणतो, तू तिला फसवतेस. मी मात्र तिला रोज नव्याने पोरकी करणार नाही.

साखळीकर:
ताई, मला हे पटत नाही. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार. त्याने बायकोची चौकशी केली, आम्ही म्हटलं माहेरी गेलीय. पुढे कपाटात तिचा हार घातलेला फोटो त्याच्या हाती लागला. त्यानंतर कितीतरी दिवस तो आमच्या हातून गोळीसुद्धा घेईना. विसरतो म्हणून त्याला काही कळत नाही, असं नसतं.

निवृत्त परिचारिका, म्हापसा:
या आजारात नव्या आठवणी आधी पुसतात, जुन्या मागे राहतात. म्हणून तिच्या लेखी आई आहेच. संध्याकाळी घालमेल वाढते तीही आजाराचीच. खोटं न बोलता विचारून बघा, "आईची आठवण येते? ती काय रांधायची?" आणि गोंधळ एकाएकी वाढला तर डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या संसर्गानेही असं होतं. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलं नसेल तर तेही घ्या.

फोंड्याची धाकटी:
तपासण्या झाल्यात. आईबद्दल विचारते तेव्हा कधी रमते, कधी पिशवी उचलून निघतेच. चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधताना कांगलां, घागऱ्यो अशी फळं एकेक नाव घेऊन तिने मला हातात दिली. अर्ध्या तासापूर्वी जेवली होती, ते मात्र आठवेना. साखळीकर, तुमच्या भावाला फोटो बघून उमगलं. माझ्या ताईच्या समोर भिंतीवर आईचा फोटो आहे, आणि ती त्याच फोटोला विचारते, आई कुठे गेली.

साखळीकर:
मग तुमची पायरी वेगळी आहे, मानतो. माझ्या भावाशी मी अजून तरी खरंच बोलेन. पण तुमच्या भावाला आठ दिवस दिवेलागणीला त्या दारात उभं राहू दे. मग सांगू दे काय ते.