आपल्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे शुद्धीत असताना लिहून ठेवावं का?

नौपाड्याची आजी

वय ६८. गेल्या महिन्यात कोर्ट नाक्याला नोटरीसमोर सही करून आले. मी शुद्धीवर नसेन आणि बरं होण्याची आशा नसेल, तर माझ्या वतीने धाकटी मुलगी बोलेल, तिला जमलं नाही तर भाची. तेव्हापासून मुलगा माझ्याशी धड बोलत नाही.

ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. सातव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल, सही करा. मुलगा म्हणाला, काहीही करा पण वाचवा. दीर म्हणाले, पुरे करा आता हाल. दोरीने बांधलेलं पेन माझ्या हातात. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात 'पत्नी' लिहिलं आणि पुढे हातच चालेना. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आमटीत गूळ किती हवा ते न विचारता कळायचं, पण हे कधी विचारलंच नव्हतं. शेवटी सही केली. पुढचे चार दिवस त्यांना हवे होते का, हे मला आजही माहीत नाही.

माझ्या लेकरांवर ही पाळी येऊ नये, एवढंच. मुलावर अविश्वास मुळीच नाही. 'थांबा' हा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाही, म्हणून तो त्याच्यावर टाकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ही सोय दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. माझं काही चुकलं का?

वाशीचा थोरला

काकू, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चुकलं. माझ्या आईनेही सत्तरीत बजावलं होतं, मला नळ्या लावू नका. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया, तीन दिवस व्हेंटिलेटर. आज ८२ची आहे, मंगळवारी भजनी मंडळात टाळ वाजवते. तेव्हा तिचा शब्द प्रमाण मानला असता तर? धडधाकट माणूस खुर्चीत बसून जे ठरवतो, ते खाटेवरच्या माणसाचं मत असतंच असं नाही. आणि एका लेकराचं नाव लिहिलंत की दुसऱ्याचं खोडल्यासारखं होतं. तुमच्या मुलाच्या जागी मी असतो तर मलाही लागलं असतं.

नेरुळ, रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. थोरले दादा, तुमच्या आईंच्या वेळी हा कागद लागूच झाला नसता. आजार बरा न होणारा असावा लागतो, आणि ते एकटा डॉक्टर ठरवत नाही. आधी हॉस्पिटलचं मंडळ: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. शक्यतो ४८ तासांत त्यांचं मत यायला हवं. मग दुसरं मंडळ, त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले डॉक्टर. शिवाय कागदात नाव दिलेल्या माणसाची संमतीही लागते. न्यूमोनियाच्या पेशंटची नळी कोणी कागद बघून काढत नाही.

कागद नसतो तेव्हा काय होतं ते मात्र मी रोज बघते. परवाच एका आजोबांच्या दोन मुली, एक पायाशी, एक उशाशी, दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. आजोबांचा हात सलाईनने सुजलेला, आणि तो हातात घ्यायला कोणी नाही.

कोर्टात जाणारा, ठाणे

काकूंच्या बाजूने आहे, पण एक गैरसमज दूर करतो. हा कागद फक्त जीवरक्षक उपचार थांबवण्यापुरता. स्मृतिभ्रंश झाला, तर घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, चोवीस तासांची बाई लावायची का, तिचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, हे यात येत नाही. लोक म्हणतात, कुलमुखत्यारपत्र आहे ना! करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मती गेली की ते संपतं. नेमकं गरज लागते तेव्हाच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रतिनिधी नेमता येतो, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. बाकीच्यासाठी त्या माणसाचं कायदेशीर पालकत्व मागायला घरच्यांना उच्च न्यायालय गाठावं लागतं. मला याची चीड येते.

सीवूड्सचे दोघं

आमची लेक सिडनीला. तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये 'एन्ड्युअरिंग गार्डियन' नेमता येतो. राहायचं कुठे, उपचार कोणते, हे सगळं तो ठरवतो, तेही तुमची समज गेल्यावरच. पैशाचा व्यवहार वेगळ्या कागदावर. आपल्याकडे असं हवंच. आम्ही इथे दोघंच. ती विमानात बसून पोचेपर्यंत कोण बोलणार? शेजारच्यांचं नाव घालायचं म्हटलं की नातेवाईक म्हणतात, फ्लॅट लाटतील. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही.

वाशीचा थोरला

ताई, मंडळांचं मला माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. बाकी मत तेच. घरात बोलून ठरतं ते नोटरीकडे नेलं की त्याचा रंग बदलतो. काकूंनी मुलाला आधी सांगायला हवं होतं. त्याला सही झाल्यावर कळलं, दुखणं तिथे आहे.

नौपाड्याची आजी

हे मात्र खरं. आधी सांगितलं असतं तर तो रडला असता आणि मी सही केलीच नसती, म्हणून लपवलं.

नेमणूक बदलणार नाही. मुलीकडे एक प्रत आहे, फॅमिली डॉक्टरांकडे एक, महापालिकेत एक द्यायची राहिलीय. चौथी मुलासाठी काढलीय. रविवारी जेवायला बोलावलंय. ह्यांच्या वेळी त्याने 'वाचवा' म्हटलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं, ते आधी विचारणार आहे. सहा वर्षांत तेही विचारलेलं नाही.