मदत हवी आहे: डीएलएनए सर्व्हर फोल्डरसारखा जोडला, पण अर्ध्या तासात रिकामा होतो

नमस्कार मंडळी,

घरातल्या मीडिया सर्व्हरवर बाबांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी आहेत. त्या डब्यात सांबा किंवा एनएफएसची (नेटवर्कवर फोल्डर वाटून देण्याच्या पद्धती) सोय नाही, फक्त डीएलएनए (घरातल्या नेटवर्कवर गाणी-व्हिडिओ पुरवण्याची पद्धत) आहे. माझा गाण्यांचा प्रोग्राम मात्र साधे फोल्डरच वाचतो. म्हणून लिनक्सवर डीजेमाउंट टाकलं. ते फ्यूजच्या (साध्या प्रोग्रामलाही फोल्डर तयार करू देणारी लिनक्सची सोय) आधाराने सर्व्हर फोल्डर म्हणून दाखवतं. फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, पण मला तेवढं पुरे आहे.

जोडल्या जोडल्या सगळं छान दिसतं. कलाकार, अल्बम, गाणी, सगळं जागच्या जागी. साधारण अर्ध्या तासाने मात्र सर्व्हरचं फोल्डरच गायब होतं आणि चालू गाणं मध्येच तुटतं. काढून पुन्हा जोडलं की परत ३० मिनिटं ठीक.

माझा संशय असा: सर्व्हर नेटवर्कवर 'मी इथे आहे' अशी घोषणा करतो, तिची मुदत बहुधा १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास असते. सुरुवातीच्या शोधाला उत्तर थेट माझ्या संगणकाकडे येतं, पण नंतरच्या घोषणा मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेक उपकरणांना), २३९.२५५.२५५.२५० वर, युडीपी पोर्ट १९०० ला येतात. त्या वायफायवर अडत असाव्यात. फायरवॉलमध्ये हा पोर्ट उघडून पाहिला, फरक पडला नाही. केबल लावून अजून पाहिलेलं नाही, ते आज रात्री करतो.

राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या उपकरणांकडेच पाठवण्याची सोय) बंद करून कुणाचा हा त्रास गेलाय का? की डीजेमाउंट सोडून दुसरं काही वापरावं? कृपया सांगा, ही गाणी रोज ऐकायची आहेत.